लेदर सीटला तेल नको, सावली हवी

मे महिन्यात नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये दुपारी तासभर उन्हात उभी राहिलेली गाडी उघडा, सीटला हात लावायची सोय नसते. मग कोणी ना कोणी सुचवतंच, ‘लेदर वाळून राहिलं आहे, थोडं खोबरेल तेल चोपड.’ ऊन सीट खराब करतंच, पण हे तेल ती त्याहून लवकर खराब करतं.

कोल्हापुरी चपलेचं चामडं उघडं असतं, तेल पितं. गाडीच्या सीटचं तसं नसतं. त्यावर कारखान्यात रंगाचा थर चढवलेला असतो आणि रंगावर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा पारदर्शक थर. दोन्ही मिळून जाडी केसाएवढी. आपण बसतो त्या थरावर, पुसतो तोही थरच. तेल त्यातून आत जात नाही, वरच राहतं. त्यावर धूळ चिकटते, आणि टाक्यांच्या भोकांतून किंवा बारीक भेगांतून जेवढं आत झिरपतं तेवढं तिथे काळपट डाग पाडतं आणि रंगाची पकड सैल करतं. पुढे खवट वास येतो तो वेगळाच.

पण काहीही लावण्याआधी आपली सीट लेदरची आहे का, हे पाहून घ्या. ब्रोशरमध्ये ‘लेदरेट’ लिहिलं असेल तर ते साधं रेक्झिन, म्हणजे कापडावर पीव्हीसी किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर. महागड्या गाडीतही बऱ्याचदा अंग टेकतं तेवढाच भाग चामड्याचा असतो, बाजू आणि पाठीमागचा भाग रेक्झिनचा. पाण्याचा थेंब टाकून बघा असं सगळे सांगतात, पण रंगाचा थर असलेल्या चामड्यातही थेंब मुरत नाही, त्यामुळे या परीक्षेतून काही कळत नाही. सीटच्या खालच्या बाजूला कापलेली कड सापडते, ती उलटून बघा. मागून केसाळ, तंतू सुटलेलं दिसलं तर चामडं. विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. रेक्झिनला कंडिशनर, म्हणजे चामडं मऊ ठेवणारं क्रीम, लावणं म्हणजे नुसते पैसे वाया. ते फक्त स्वच्छ ठेवायचं.

नागपूरचा पारा २३ मे २०१३ रोजी ४७.९ वर गेला होता. ४५ तर आपल्याला दरवर्षीचं. बाहेर ४५ असताना बंद गाडीतली हवा सहज ६० च्या पुढे जाते आणि थेट ऊन पडलेली काळी सीट त्याहून तापते. एवढ्या उष्णतेत रेक्झिनला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू उडून जातं. समोरच्या काचेवर आतून जी धुकट, चिकट साय बसते, तिच्यात हेच द्रव्य असतं. चामड्याचा ओलावा जातो, पण पावसाळ्यात हवेतून तो बराचसा परतही येतो, कारण चामड्याची मागची बाजू उघडी असते. वरचा थर मात्र अतिनील किरणांनी एकदा ठिसूळ झाला की कशानेही पूर्ववत होत नाही. समोरची काच दोन थरांची असल्याने हे किरण बरेच अडवते. दाराच्या काचा सहसा एकेरी असतात, त्या तेवढे अडवत नाहीत. म्हणून सीटची दाराकडची बाजू आधी विटते. गाडी उभी असताना समोर सनशेड आणि दारांच्या काचांना काढता येणाऱ्या जाळ्या लावल्या, तर नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कुठल्याही बाटलीपेक्षा त्याचा उपयोग जास्त. काळी फिल्म नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तिच्यावर बंदी घातली आहे.

सफाई सकाळी सहा-सातला करा, सीट हाताला गार लागते तेव्हा. तापलेल्या सीटवर क्लीनर टाकला की फेस पुसण्याआधीच वाळतो आणि डाग सोडतो. आधी व्हॅक्यूम, मऊ ब्रशचं तोंड लावून. बैठक आणि पाठ जिथे मिळतात ती खाच दोन बोटांनी उघडून आतपर्यंत. हे टाळलं तर पुढचा ब्रश त्याच धुळीने सीट घासतो. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची उंच कड सगळ्यात आधी फाटते ती अशीच: दिवसातून दहा वेळा चढता-उतरताना जीन्स आणि तिच्याखालची धूळ मिळून पॉलिश पेपरचं काम करतात.

क्लीनर पाण्याधारित आणि न्यूट्रल पीएचचा, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा घ्या. तो नसेल तर १ लिटर पाण्यात ५ मिली बेबी शाम्पू घालून हलवा आणि नुसता फेस वापरा. पाणी आरओचं असू द्या. बोअरच्या जड पाण्याने काळ्या सीटवर पांढरी कड उमटते आणि मग माणूस तीच कड घासत बसतो. कपड्यांचा साबण, भांड्यांचं लिक्विड, खायचा सोडा यांतलं काहीच नको. चामडं आम्लधर्मी असतं, अल्कली त्याला सोसत नाही.

क्लीनर सीटवर फवारू नका, मऊ ब्रशवर घ्या. एका वेळी हातभर भाग, हलक्या हाताने गोल फिरवत. ब्रशने घाण सीटच्या बारीक खाचांतून वर काढायची असते, खरवडायची नसते. ती वर येताच ओलसर मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. पांढरं फडकं वापरा आणि त्याच्याकडे लक्ष ठेवा: मातकट-करडं निघालं तर मळ, सीटचाच रंग निघाला तर तिथेच थांबा. पहिल्यांदा करत असाल तर मागच्या सीटच्या खालच्या कोपऱ्यावर आधी करून बघा. हेडरेस्टला मात्र महिन्यातून एकदा पुसाच. डोक्याचं तेल आणि घाम तिथला थर मऊ करतात, मग तो चिकट होऊन सोलतो.

पंख्याच्या, म्हणजे व्हेंटिलेटेड सीटला बारीक भोकं असतात. तिथे ब्रशही जवळजवळ कोरडाच हवा. ओल आत गेली की फोम लवकर वाळत नाही, आणि क्रीम भोकांत वाळून बसलं तर लाकडी टूथपिकने एकेक भोक मोकळं करत बसावं लागतं. बैठकीखाली सेन्सर आणि वायरिंग असतं, त्यामुळे बादली ओतून सीट ‘धुणाऱ्या’ वॉशिंग सेंटरवाल्याला गाडी देताना उभं राहून लक्ष ठेवा.

आता आपल्याकडचे खास डाग. तर्री पोह्यांची तर्री, म्हणजे तिखट, तेलकट रस्सा, बेज सीटवर सांडली की पहिली चूक होते ती साबण लावण्याची. हळदीतला पिवळा रंग अल्कलीत लाल होतो, मग डाग दुप्पट दिसतो. आधी टिश्यूने टिपून तेल उचला, पुसू नका, नाहीतर पसरतं. मग न्यूट्रल क्लीनर दोनदा. तरी फिकट पिवळं उरलं तर तेवढा भाग दोन-तीन दिवस सकाळच्या उन्हात ठेवा. हळदीचा रंग उजेडात उडतो. वर्षभर ज्या उन्हाला शिव्या दिल्या ते इथे एकदाच कामी येतं.

खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण, सांडला तर ओलं फडकं बिलकूल लावू नका. त्यातला चुना पाण्याने पेस्ट होऊन टाक्यांत बसतो आणि थर खातो. कोरडा असतानाच व्हॅक्यूमने ओढा, उरलेलं कोरड्या ब्रशने झटका, मगच क्लीनर. संत्र्याचा रस आंबट असला तरी खरा त्रास साखरेचा. वाळायच्या आत ओलसर फडक्याने दोनदा पुसला की झालं. उन्हासाठी डोक्याला बांधलेला रंगीत दुपट्टा घामाने ओला असतानाच फिकट सीटवर टाकला तर त्याचा रंग लागतो. नव्या जीन्सचाही तसाच. असा रंग आठवड्याच्या आत क्लीनरने निघतो, महिनाभर तापला की थरात मुरतो. बॉलपेनच्या शाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण कानात घालायच्या कापसाच्या काडीवर थेंबभर, आणि काडी घासायची नाही, लोळवायची. शाईबरोबर सीटचा रंगही तेच काढतं, म्हणून दोन-तीन काड्यांनंतर जे उरेल ते राहू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर तर सीटजवळ आणूच नका.

कंडिशनर वर्षातून दोनदा पुरे: मार्चमध्ये उन्हाळा लागण्याआधी आणि पाऊस गेल्यावर ऑक्टोबरमध्ये. बैठक आणि पाठ मिळून ५ मिली, म्हणजे चमचाभर, तेही फडक्यावर घेऊन. १५ मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून टाका. हात फिरवल्यावर काही लावलंय असं जाणवता कामा नये. सीट चमकायला लागली तर जास्त झालं. कारखान्यातून आलेली सीट बहुधा मॅटच असते. डॅशबोर्डचं सिलिकॉन पॉलिश सीटवर मारू नका. ब्रेक मारला की माणूस पुढे घसरतो, आणि पुढे कधी रंग मारायची वेळ आली तर त्या जागी रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

पावसाळ्यात गाडी दोन-तीन आठवडे बंद राहिली की सीटवर पांढरी-हिरवट बुरशी धरते. ती आत झटकू नका, कण सगळ्या गाडीत पसरतात. मास्क लावून, चारही दारं उघडून ओलसर फडक्याने उचला. दर वेळी फडक्याची नवी घडी. मग क्लीनर, मग दिवसभर सावलीत दारं उघडी. बुरशी पुन्हा त्याच जागी आली तर सीटला दोष देऊ नका, पायाखालचं कार्पेट दाबून बघा. ओलं लागलं तर एसीची पाणी काढणारी नळी तुंबल्याची शक्यता मोठी.

भेग पडलीच, तर ती बुजवता येते. आधी अल्कोहोलने जुनं पॉलिश काढा, ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने कड हलकी घासा, भेग भरायचं फिलर एकदाच जाड न भरता तीन-चार पातळ थरांत, प्रत्येक वाळू देऊन. मग १००० चा पेपर, रंग स्पंजने टिपत, शेवटी मॅट टॉपकोट. चिरलं असेल तर आतून कापडाचा तुकडा सरकवून लवचिक गोंद लावा. झटपट चिकटणारा गोंद दगडासारखा होतो आणि शेजारी नवी भेग पडते. पण ज्या कडेवर ‘एअरबॅग’ची पट्टी शिवलेली आहे, तिथली शिलाई उसवली तर ती मोच्याकडे किंवा सीट कव्हरवाल्याकडे नेऊ नका. तो टाका एअरबॅग फुगताच तुटावा म्हणूनच तसा घातलेला असतो. मजबूत दोऱ्याने शिवला तर एअरबॅग नीट बाहेर येणार नाही. ते काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या. वरून घट्ट सीट कव्हर चढवण्याचा विचार असेल, तर तीच पट्टी आधी शोधा.