सोरोरिटीची रश, न मिळालेली बिड आणि बाबांना दिलेला शब्द - माझा अनुभव

ओळखीतल्या दोघी यंदा अमेरिकेत अंडरग्रॅडला चालल्यात आणि दोघींचाही एकच प्रश्न, ताई तू सोरोरिटीत होतीस ना, कसं असतं ते? म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. सोरोरिटी म्हणजे तिकडच्या कॉलेजांमधली मुलींची सदस्य-संघटना.

मी नाशिकची, मिडवेस्टमधल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत होते. पहिले दोन आठवडे क्लास, मेस, रूम, आणि दिवसभरात कुणाशी धड पाच वाक्यं बोलणं नाही. रूममेट रश, म्हणजे सोरोरिटीत सामील व्हायची निवड प्रक्रिया, करणार होती म्हणून मीही रजिस्टर केलं. बाबांना फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, "म्हणजे रॅगिंगच ना?" आपल्याकडे महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये आला, बाबा त्याच्या आधी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलला होते आणि तिथे त्यांच्याबरोबर काय काय झालं होतं ते त्या फोनवर मला पहिल्यांदा कळलं. आईलाही माहीत नव्हतं. त्यांची भीती खोटी नाहीये, तिकडे त्याला हेझिंग म्हणतात आणि त्यात मुलांचे जीव गेलेत. मी शब्द दिला की जे तुम्हाला सांगता येणार नाही असं काही करायला लावलं तर त्याच दिवशी बाहेर पडेन.

आता प्रोसेस. जुन्या मोठ्या सोरोरिटीज नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सखाली येतात, ही संस्था १९०२ पासूनची आहे. त्यांची फॉर्मल रिक्रूटमेंट, म्हणजेच रश, राउंडमध्ये चालते. पहिल्या राउंडला सगळ्या हाऊसमध्ये, म्हणजे प्रत्येक सोरोरिटीच्या घरी, जायचं, प्रत्येक ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटं, एक मुलगी बोलत असते तोवर दुसरी येऊन तिची जागा घेते, संध्याकाळपर्यंत घसा बसतो. मग तुम्ही हाऊसना पसंतीक्रम देता, तेही तुम्हाला देतात, आणि पुढच्या राउंडला दोन्हीकडून जुळलेलीच हाऊस तुमच्या यादीत येतात. तुमच्या ग्रुपला वाट दाखवायला एक सीनियर मुलगी, रो गॅमा, असते, ती स्वतः कुठल्यातरी सोरोरिटीची असते पण रिक्रूटमेंट संपेपर्यंत कुठली ते सांगत नाही, म्हणजे तिचा सल्ला एकीकडे झुकू नये. आमची खूप चांगली होती.

तिने आधीच सांगितलं होतं की मुलं, दारू, राजकारण, धर्म आणि पैसा हे विषय गप्पांत काढू नका. बाकीचं ठीक, पण पैशाचं मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. बाबा माझ्यासाठी लोन घेऊन बसलेले, मी फी न विचारता कशी पुढे जाणार? मी रो गॅमालाच विचारलं, तिने प्रत्येक हाऊसचा फीचा कागद दाखवला आणि तेव्हा कळलं की काही हाऊसमध्ये दुसऱ्या वर्षी तिथेच राहणं कंपल्सरी असतं, जेवणासकट. मुलींनो, हे पहिल्याच दिवशी विचारा.

दुसऱ्या राउंडच्या सकाळी यादी आली तर मला सगळ्यात आवडलेलं हाऊसच त्यात नव्हतं. खूप लागलं मनाला. घरी फोन केला, आमचे सकाळचे आठ म्हणजे नाशिकला संध्याकाळचे साडेसहा, गणपतीचे दिवस, मागे आरती चालू. आई म्हणाली, "थांब गं, आरती होऊ दे," आणि फोन तसाच चालू ठेवला. मी आख्खी आरती ऐकली, तोंड धुतलं आणि पुढच्या हाऊसला गेले.

शेवटच्या राउंडला, म्हणजे प्रेफला, माझ्याकडे दोन हाऊस उरली. त्या रात्री सही करायची असते आणि ती बांधून ठेवणारी असते. दोन्ही नावं लिहिलीत तर ज्या एकाची बिड, म्हणजे सामील व्हायचं आमंत्रण, येईल तीच घ्यायची, ती नाकारली तर पुढच्या वर्षीच्या रिक्रूटमेंटपर्यंत त्या कॅम्पसवर या गटातल्या दुसऱ्या कुठल्या सोरोरिटीत जाता येत नाही. दोनपैकी एका हाऊसला राहणं कंपल्सरी होतं, तो खर्च मला झेपणारच नव्हता. मी एकच नाव लिहिलं. त्या एका हाऊसने घेतलं नाही तर हातात काहीच नाही, हा धोका रो गॅमाने नीट समजावून सांगितला, मग म्हणाली निर्णय तुझा. दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी बाहेर लॉनवर पाकिटं उघडायला जमणार, त्याच्या आधी तिचा फोन आला. मॅच नाही. खिडकीतून ओरडण्याचे, गाण्यांचे आवाज येत होते. मी पडदा लावून झोपले.

पण तिथे सगळं संपत नाही हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. ज्या हाऊसमध्ये जागा उरतात ते नंतरही बिड देऊ शकतात, त्याला कंटिन्युअस ओपन बिडिंग म्हणतात. ऑक्टोबरमध्ये मी नाव लिहिलेल्या त्याच हाऊसमधल्या केमिस्ट्रीच्या एका मुलीचा मेसेज आला, कॉफीला येतेस का. दोन तास बसलो. ती स्वतः डायनिंग हॉलमध्ये काम करून फी हप्त्याने भरायची. आठवड्याने बिड आली.

(माझी एक मैत्रीण साउथ एशियन सोरोरिटीत गेली, तो वेगळा मार्ग, छोटे ग्रुप. कप्पा फाय गॅमा १९९८ मध्ये ऑस्टिनला सुरू झाली, मुलांची आयोटा न्यू डेल्टा त्याच्याही आधी, १९९४ ला बिंगहॅम्टनला. तेही बघा.)

बिड घेतल्यावर पक्की सदस्य होईपर्यंत न्यू मेंबर म्हणून काही आठवडे असतात, तेव्हा बाबा रोज विचारायचे, आज काय केलं? आज संस्थापक मुलींची नावं पाठ केली, आज लायब्ररीत तास भरले. आणि हो, डिसेंबर २०२४ मध्ये तिकडे हेझिंगविरोधी फेडरल कायदा झालाय, कुठल्या ग्रुपने हेझिंग केल्याचं सिद्ध झालं ते कॉलेजांना जाहीर करावं लागतं. सही करायच्या आधी तो रिपोर्ट उघडून वाचा, आईबाबांनाही पाठवा.

मग इनिशिएशन, म्हणजे पक्की सदस्य करून घेण्याचा विधी, आलं, आणि तो गुप्त असतो, बाहेर सांगायचा नसतो. मला माझा शब्द आठवत होता. आदल्या दिवशी मी चॅप्टरच्या, म्हणजे आमच्या कॅम्पसवरच्या शाखेच्या, प्रेसिडेंटला सरळ विचारलं की मध्येच उठून जाता येईल का, ती म्हणाली, कधीही, दार उघडंच असतं. रात्री बाबांना फोन केला. म्हटलं, आत काय झालं ते सांगता येणार नाही बाबा, पण मला कुणी त्रास दिला नाही, काही प्यायला लावलं नाही, आणि वाटलं असतं तर मी उठून आले असते. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जेवलीस का?"