मोर्झीनची तयारी : मे महिन्यापर्यंतची नोंद

जुलैत मोर्झीनला डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरून वेगाने सायकल चालवायला, जायचं पक्कं झालंय. तिकिटं झाली, व्हिसाची तारीख मिळाली. फ्रेंच आल्प्समधलं हे गाव जिनिव्हा विमानतळापासून गाडीने सव्वा-दीड तासावर आहे. शेजारचं गाव ले-जे. तिथे 2004 आणि 2022 ला माउंटन बाइकच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाल्या. 2022 ला डाउनहिलमध्ये पुरुषांत लोइक ब्रुनी जिंकला, महिलांत वाली होल. त्या डोंगरावर आपलीही सायकल जाणार, या विचाराने अजून रात्री झोप उडते.

आता तयारीबद्दल. पुण्यातून डाउनहिलला जाणाऱ्याने आधी उंचीचा हिशोब मांडावा, कारण बाकी सगळं त्यावरून ठरतं. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, वेताळ टेकडीचा माथा 800 च्या आसपास. म्हणजे आपल्या सर्वांत उंच टेकडीवरूनही उतार मिळतो तो सव्वादोनशे-अडीचशे मीटरचा, आणि तोही मधे चढ-सपाटी खात. खाली आलो की पुन्हा पेडल मारत किंवा सायकल ढकलत वर. त्या चढणीत हातांना आपोआप विश्रांती मिळते. मोर्झीनच्या प्लेने डोंगरावर सायकलसकट वर नेणाऱ्या लिफ्टने एका फेरीत जवळपास पाचशे मीटर वर नेतात. दिवसात दहा फेऱ्या धरल्या तर पाच हजार मीटर उतार होतो, म्हणजे पायथ्यापासून सहाशेएक मीटर असलेला सिंहगड एका दिवसात आठ वेळा उतरायचा. विश्रांती काय ती लिफ्टमध्ये बसल्यावर.

त्यामुळे पाय आणि दम यांची मला काळजी नाही, आपल्या घाटांनी ते करून घेतलंय. प्रश्न मनगट ते कोपराचा आहे. हँडल सतत आवळून धरलं की तिथले स्नायू फुगतात, त्यांच्यातला दाब वाढतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं ब्रेकचा लीव्हर ओढेनाशी होतात. ज्यांनी लांब उतार केलाय त्यांना हे माहीत आहे. मी जानेवारीपासून पेठेतल्या एका तालमीत दोरीच्या मल्लखांबाला जातोय. पकडीसाठी यापेक्षा चांगला व्यायाम मला तरी जिममध्ये सापडला नाही. जोडीला जोर आणि बैठका. जोर मारताना छाती खाली नेऊन पुढे काढतो, तेव्हा खांदे आणि पाठ ज्या क्रमाने काम करतात, तो क्रम उतारावर सायकलच्या वर उभं राहून ती खाली दाबताना जसाच्या तसा लागतो. तालमीतल्या वस्तादांना सायकलचं फारसं कौतुक नाही, पण माझी पकड सुटली की ते मला दोरीवर परत चढवतात.

पण नुसत्या ताकदीने भागत नाही. हात दमतात ते मुख्यतः ब्रेक धरून ठेवल्याने, म्हणून या तीन महिन्यांत मी सर्वांत जास्त वेळ ब्रेकिंगला दिला. सायकलचा पुढचा रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, 180 मिलीमीटरची होती, ती 203 ची केली आणि चकतीला घासणारे पॅड दोन्हीकडे मेटलचे घातले. थंड असताना ते थोडे मठ्ठ वाटतात, आवाजही करतात, पण तापल्यावर रेझिन पॅडसारखे दगा देत नाहीत. सरावाची जागा वेताळ टेकडीची गोखलेनगरकडची उतरण. प्रत्येक वळणाआधी एक दगड किंवा झुडूप ठरवायचं, तिथपर्यंत एका बोटाने जोरात ब्रेक, तिथून पुढे दोन्ही लीव्हर पूर्ण मोकळे. वळणात ब्रेक नाही. सुरुवातीला जीव खालीवर होतो. खाली आल्यावर रोटरवर पाण्याचे चार थेंब टाकतो. आधी चर्र वाजायचं, आता कमी वाजतं, म्हणजे ब्रेक घासत ठेवण्याची सवय सुटतेय.

आपल्या मुरमामुळे आणखी एक सवय लागते. कडक जमिनीवर सुटी खडी असली, की पुढचा ब्रेक जरा जास्त लागला तरी पुढचं चाक घसरतं. म्हणून आपण सगळे नकळत मागच्या ब्रेकवर जगतो. बाइक पार्कच्या, म्हणजे सायकलसाठी खास आखलेल्या डोंगरवाटांच्या, बांधलेल्या वळणांवर आणि तीव्र उतारावर हे चालत नाही, तिथे थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या चाकात असते. गेल्या आठवड्यात वळीव पडला आणि मुरूम दोन दिवस छान बसला. ते दोन दिवस मी पहाटे फक्त पुढच्या ब्रेकवर काम केलं. वळवाचे असे दिवस कोणी वाया घालवू नका.

पहाटे म्हणजे साडेपाचच्या आत. सहानंतर टेकडी चालणाऱ्यांची असते आणि ती त्यांचीच असायला हवी. वेगाचा सराव माणसं दिसली की बंद. आणि कृपा करून नव्या वाटा पाडू नका, पावसात त्यांच्या घळी होतात.

सायकल न्यायची की तिथे भाड्याने घ्यायची, यावर बराच खल झाला. माझी ट्रेल बाइक, म्हणजे चढ-उतार दोन्हीसाठीची सायकल, 150 मिलीमीटर ट्रॅव्हलची, म्हणजे तिचं सस्पेन्शन तेवढं दबतं. आठवडाभर लिफ्टवर तिची फ्रेम आणि चाकं झिजवण्यापेक्षा 200 मिलीमीटरची डाउनहिल बाइक भाड्याने घेणं मला शहाणपणाचं वाटतं. पण यात एक मेख आहे. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला, फ्रान्समध्ये डाव्या. घाबरल्या क्षणी हात सवयीने वागतो, आणि तो क्षण नेमका उतारावर येतो. काहींनी सुचवलं, आत्ताच आपल्या सायकलचे लीव्हर बदलून सराव कर. मी ते केलं नाही. रोज ऑफिसला स्कूटरने जातो, तिचा पुढचा ब्रेक उजवीकडेच आहे. सकाळी एक उलट आणि दुपारी दुसरं सुलट, हे नळ स्टॉपच्या ट्रॅफिकमध्ये मला नको. ब्रिटिशांची पद्धत आपल्यासारखीच आणि मोर्झीनमध्ये ते भरपूर येतात. त्यामुळे बुकिंग करतानाच दुकानाला लेखी कळवलंय की लीव्हर ब्रिटिश पद्धतीने लावून द्या.

फुलफेस हेल्मेट, गॉगल, नी-गार्ड, पाठीचं गार्ड, बूट आणि फ्लॅट पेडल मात्र स्वतःचे. हेल्मेट दुसऱ्याचं वापरू नये, त्याने आधी किती मार खाल्लाय हे बाहेरून दिसत नाही. ते हातसामानातच नेणार. ग्लोव्हज जास्तीचे घेतलेत, ओले झाले की पकड जाते.

विम्याकडे लक्ष द्या. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, पण तेवढ्यावर मिळणाऱ्या बऱ्याच साध्या पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात. डाउनहिल सायकलिंग आणि डोंगरातून उचलून आणण्याचा खर्च, हे दोन्ही पॉलिसीत शब्दांत लिहिलेलं हवं. शिवाय मोर्झीन ज्यात येतं त्या पोर्त द्यू सोलेय या डोंगरी भागातल्या ट्रेल, म्हणजे सायकलवाटा, सरहद्द ओलांडून स्वित्झर्लंडमधल्या शांपेरीकडे उतरतात. पॉलिसीत दोन्ही देश हवेत, पाठपिशवीत पासपोर्ट हवा. विमान जिनिव्हाला उतरत असलं तरी मुक्काम फ्रान्समध्ये जास्त, म्हणून व्हिसाचा अर्ज फ्रान्सकडे केला.

राहिली ओली मुळं. आल्प्सच्या जंगलात पाऊस पडला की मुळांवर चाक साबणासारखं सरकतं आणि आपल्या उघड्या टेकड्यांवर तशी मुळंच नाहीत. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे पावसाळ्यातला शेवाळलेला कातळ. जूनमध्ये मृग बरसला की पाषाणच्या बाजूच्या कातळावर जाणार. नियम तोच : मुळावर किंवा कातळावर चाक असताना ब्रेक नाही, हँडल वळवणं नाही, आडवं काटकोनात पार करायचं. टायरमध्ये हवा 24 पीएसआय ठेवायची की 26, ते तिथेच ठरेल.