तुम्ही विचारलेत म्हणून: आधी थांबायला शिकावे

मोटारसायकल शिकायची आहे, सुरुवात कशापासून करावी, असे ओळखीची मुलेमुली मला विचारतात आणि हल्ली त्यांचे आईवडीलही विचारतात. क्लच आणि गिअर आठवडाभरात हातापायांत बसतात, म्हणून माझे उत्तर ब्रेकपासून सुरू होते.

मला गाडी शिकवणाऱ्या काकांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, तोंडावर पडशील." ते काळजीपोटीच बोलले होते आणि त्यांनाही कोणीतरी तसेच सांगितले असणार. त्यामुळे दोन वर्षे मी केवळ मागच्या ब्रेकवर गाडी चालवली आणि जूनच्या पहिल्या पावसात साताऱ्याचा यवतेश्वर घाट उतरताना समोर गाय आली, तेव्हा मागचे चाक फिरायचे थांबले, घसरले आणि गाडी आडवी झाली. कोपर सोलवटले, मागून वाहन येत नव्हते, म्हणून तेवढ्यावर निभावले.

असे का झाले, हे मला फार उशिरा समजले. ब्रेक लागताच गाडीचा आणि आपला भार पुढच्या चाकावर येतो. ते रस्त्याला अधिक घट्ट धरते, तर मागचे हलके होऊन सहज अडकते. म्हणजे गाडी थांबवण्याचे बरेचसे काम पुढचा ब्रेकच करू शकतो, आणि आपण नवशिक्याला नेमके त्याचेच भय घालतो. काकांच्या सांगण्यात तथ्य होते ते एवढेच, की वळणावर, वाळूवर किंवा खडीवर पुढचा ब्रेक झटक्याने दाबला तर चाक निसटते. म्हणून गाडी सरळ करून दोन्ही ब्रेक एकदम लावावेत आणि पुढच्यावरचा दाब लिंबू पिळावे तसा वाढवत न्यावा.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना १२५ सीसीच्या वर एबीएस आणि त्याखाली सीबीएस किंवा एबीएस असणे सक्तीचे झाले. एबीएस चाक अडकू देत नाही, तर सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागतो. पण शिकणाऱ्याच्या हाती बहुधा घरातली जुनी गाडी येते आणि तिच्यात यांपैकी काहीच नसते, हे आधी पाहून घ्यावे.

सध्या माझी भाची शिकते आहे. तिला अठरा पूर्ण झाली आहेत, शिकाऊ परवाना आहे आणि आयएसआयच्या हेल्मेटचा पट्टा लावल्याखेरीज मी किल्ली देत नाही. आरटीओच्या परीक्षेतला इंग्रजी आठच्या आकड्याचा फेरा हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून धरून, पाय न टेकवता, जायचे आहे तिकडे नजर ठेवून काढायला ती दोन दिवसांत शिकली. थांबण्याच्या सरावाला मात्र आम्ही तीन रविवार दिले. मोकळ्या मैदानावर चुन्याची रेघ मारायची, ताशी २० किलोमीटर वेगाने येऊन तेथे ब्रेक लावायचा आणि गाडी कुठे थांबली ते पावलांनी मोजायचे. मग तेच ३० ला आणि ४० ला. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर साधारण चौपट होते, हे तिने स्वतःच्या पावलांनी मोजून पाहिले. शिवाय ब्रेककडे हात जाईपर्यंतही ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जातच असते, म्हणून वस्तीतून जाताना दोन बोटे ब्रेकवर ठेवण्याची सवय तिला लावली आहे.

कोरड्या जमिनीवर तिचा हात आता बसला आहे. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ एक होऊन डांबर निसरडे होते, म्हणून तेव्हा मी तिला गाडी रस्त्यावर काढू देणार नाही. चारदोन चांगल्या सरी पडून रस्ता धुऊन निघाला की त्याच मैदानावर पुन्हा रेघ मारू आणि २० पासून सुरुवात करू.