लोखंडी पाय, तरी टेबल का हलतं?

टेबलांचे आणि बाकांचे लोखंडी पाय मी हाताने बनवतो. ऑर्डर देताना एक प्रश्न हमखास येतो: "जाड लोखंड घेतलं तर टेबल हलणार नाही ना?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोपरा दाबल्यावर टेबल डुगडुगत असेल तर फारसं बिघडलेलं नसतं. फरशी उंचसखल असते, नाहीतर एक पाय किंचित आखूड. तळाशी फिरवून उंची जुळवायचा बोल्ट दिला की झालं. खरी डोकेदुखी असते झुलण्याची. लिहायला बसलं की अख्खं टेबल आडवं हिंदकळतं, आणि त्याचा दोष बहुतेक वेळा उंचीकडे आणि जोडाकडे जातो.

सळई वाकवून केलेले ते नाजूक पाय घ्या. हेन्री ग्लास या डिझायनरने ते 1941 साली आणले आणि अजून लोकांना त्यांची भुरळ आहे. 10 मिमीची सळई 40 सेंमीच्या बाकाला छान चालते. तीच 71 सेंमीच्या टेबलाला लावली तर तेवढ्याच धक्क्याला पाचपटीहून जास्त झुकते, कारण झुकणं उंचीच्या घनाने वाढतं. अशा वेळी सळई 12 मिमीची घेतली की ताठरपणा दुप्पट होतो. फक्त 2 मिमीने! म्हणून टेबलाला मी 12 चीच सळई घेतो, आणि दोनऐवजी तीन सळयांचा पाय करतो.

चौकोनी पाईपचं गणित मात्र लोकांना पटत नाही. 40 मिमीचा, 2 मिमी जाड पत्र्याचा पाईप आणि 50 मिमीचा, दीड मिमी पत्र्याचा पाईप वजनाला जवळपास सारखेच भरतात. तरी दुसरा दीडपट ताठ असतो. ग्राहक पत्रा चिमटीत धरून बघतो आणि पहिलाच मागतो. (पातळ पत्र्याला वेल्डिंग करताना भोक पडतं ते आमचं दुखणं, तुमचं नव्हे.)

वेल्डिंगला घाई चालत नाही. चौकटीच्या चारही कोपऱ्यांना आधी वेल्डचे नुसते छोटे टाके मारायचे, दोन्ही कर्ण पट्टीने मोजायचे, ते सारखे भरले तरच पुढे जायचं. मग एक टाका इकडे, एक समोरच्या कोपऱ्यात. वेल्ड थंड होताना आकसतो आणि पाईपला आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूने सलग वेल्ड मारत गेलात तर गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावल्यावर कोन उघडा दिसतो. मग हातोडा घ्यावा लागतो, आणि हातोड्याने सरळ केलेली चौकट मला कधीच पसंत पडत नाही.

एवढं करूनही फळीशी जोड कच्चा असेल तर सगळं वाया. अखंड लाकडाची फळी दमट हवेत रुंदीने फुगते, कोरड्या हवेत आकसते. लोखंड तसं हलत नाही. म्हणून वरच्या पट्टीला गोल भोकाऐवजी लांबट खाच हवी, म्हणजे स्क्रूला सरकायला जागा राहते. नाहीतर फळी तडकते किंवा स्क्रू सैल होतात. सैल स्क्रू पुन्हा पुन्हा आवळू नका, लाकडातले आटे झिजतात. त्यापेक्षा फळीत पितळी इन्सर्ट, म्हणजे आतून आटे असलेली छोटी नळी, बसवून घ्या आणि बोल्ट लावा.

तेव्हा जाडीचं नंतर बघू. टेबलाची उंची, लांबी आणि फळी अखंड लाकडाची की प्लायची, एवढं आधी कळवा.