कापसाच्या वाटेने: चार्ल्स्टन आणि ब्यूफर्ट

साउथ कॅरोलिना या अमेरिकी राज्याच्या राजधानीचं शहर कोलंबिया मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस दिसायला लागला. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. पानं झडून गेलेली, बोंडं पुरती फुटलेली. मी लेकीला गाडी बाजूला घ्यायला लावली.

माझं माहेर हिंगणघाटजवळचं. वेचणीआधीची कापसाची पूजा, सीतादही, झाली की आईमागे मीही वेचणीला जायची. वेचलेला कापूस ओटीत भरायचा, संध्याकाळी काट्यावर मोजायचा, किलोमागे मजुरी घ्यायची. बोंडाची वाळलेली टोकं बोटांत रुतली की दोन दिवस ठणका लागतो. साउथ कॅरोलिनातल्या त्या शेतात माणूस एकही नव्हता. अर्धं शेत यंत्राने उरकलं होतं आणि बांधाला पिवळ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेले कापसाचे मोठे गोल गठ्ठे मांडून ठेवले होते. या भागातल्या मळ्यांवरही एके काळी दिवस मावळताना गुलामांनी वेचलेला कापूस काट्यावर चढायचा. वजन कमी भरलं तर पाठीवर चाबूक बसायचा. मजुरी नव्हतीच, तर कापणार काय?

जिनिंग हा शब्द आमच्याकडे पोराटोरांनाही कळतो. १७९३ साली जॉर्जियात एली व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र बनवलं. तोवर आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हाताने काढता काढता माणसाचा अख्खा दिवस जायचा आणि हाती जेमतेम अर्धा किलो रुई लागायची. यंत्र आलं, काम हलकं झालं, आता गुलामगिरी आपोआप ओसरेल असं वाटावं. घडलं नेमकं उलटं. कापूस पिकवणं फायद्याचं झालं, नवनवी जमीन कापसाखाली गेली आणि वेचायला माणसं हवी झाली. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये सुमारे ४० लाख. लहानपणी ज्या जिनिंगची घरघर ऐकत झोपले, त्याच यंत्राचा हा इतिहास मला साठी उलटल्यावर कळतो आहे, याचं मला फार वाईट वाटलं.

चार्ल्स्टनला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. शहर देखणं आहे. फिक्या रंगांची घरं, लांबलचक सोपे, लोखंडी फाटकं. जुन्या भिंतींच्या विटांकडे मात्र जवळून बघावं. काही विटांवर बोटांचे ठसे आहेत. ओली वीट उचलताना उमटलेले, गुलामांचे, आणि काही इतके लहान की ती बोटं पोरांचीच असणार. एका ठशावर मी माझं बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.

गॅड्सडेन धक्क्यावर २०२३ मध्ये आफ्रिकन-अमेरिकन लोकांच्या इतिहासाचं संग्रहालय उघडलं आहे. सगळी इमारत खांबांवर उचललेली, खालची जमीन मोकळी. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी झाली. त्याआधीच्या थोड्या वर्षांत या एकाच धक्क्यावर हजारो माणसं उतरवली गेली. इमारतीखाली उथळ पाण्यात शेजारी शेजारी दाटीने पडलेल्या माणसांच्या आकृत्या कोरल्या आहेत, जहाजाच्या तळात निजवायचे तशा. पाणी त्यांच्यावर चढतं आणि उतरतं. आम्ही दोघी तिथे बराच वेळ काही न बोलता उभ्या होतो.

तिथून चाल्मर्स स्ट्रीटवरचा जुना गुलामबाजार. १८५६ मध्ये शहराने रस्त्यावरचे लिलाव बंद केले. बाहेरून येणाऱ्यांसमोर ते बरं दिसत नव्हतं. लिलाव तसेच आडोशाला, भिंतीआड चालू राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीने फोर्ट समटरला गेलो. बंदराच्या तोंडावरचा हा विटांचा किल्ला. १२ एप्रिल १८६१ ला पहाटे साडेचारला इथे अमेरिकेच्या यादवी युद्धाचा पहिला तोफगोळा पडला. किल्ल्यात केंद्र सरकारच्या सैन्याचा मेजर रॉबर्ट अँडरसन, किनाऱ्यावर फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा सेनापती बोरगार्ड. हा बोरगार्ड वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत अँडरसनच्याच हाताखाली तोफखाना शिकलेला. चौतीस तासांनी अँडरसनने किल्ला सोडला. पुढची चार वर्षं जे चाललं त्यात सहा लाखांहून जास्त सैनिक मेले.

बोटीवर शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते. बोलायला अगदी अदबशीर. म्हणाले, ते युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं. मी वाद घातला नाही, पण आदल्या रात्रीच मी साउथ कॅरोलिनाचं २४ डिसेंबर १८६० चं जाहीरनामापत्र पूर्ण वाचलं होतं. फुटून निघायचा ठराव २० तारखेला झाला आणि चार दिवसांनी त्यांनी स्वतःच कारणं लिहून दिली. तक्रार अशी की उत्तरेकडची राज्यं पळालेले गुलाम परत देत नाहीत, त्यासाठी आपापले कायदे करतात, गुलामगिरीला पाप म्हणतात आणि आता तिच्या विरोधातला माणूस राष्ट्राध्यक्ष निवडून आणला आहे. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क वापरला, हेच तर यांचं गाऱ्हाणं! त्या वेळी या राज्याची वस्ती सुमारे ७ लाख, त्यातले ४ लाख गुलाम. कारण कागदावर स्वच्छ लिहिलेलं असताना नंतरच्या पिढ्यांनी ते पुसायला इतकी मेहनत घेतली, याचा मला मनापासून राग येतो.

या तोफांचा आवाज आपल्याकडेही पोचला होता. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेना, आणि मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले. वऱ्हाडातल्या आणि आमच्या हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं तसे भाव कोसळले, बँका बुडाल्या, पेढ्या बुडाल्या. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्या प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून उभा राहिला, त्यांची भरभराट याच तेजीतली. त्या टॉवरखालून मी कितीदा गेले असेन. हा किल्ला डोळ्यांसमोर कधी आला नव्हता.

पण मला चार्ल्स्टनला खेचून आणलं ते रॉबर्ट स्मॉल्सने. ब्यूफर्टमध्ये १८३९ साली गुलाम म्हणून जन्मलेला. बाराव्या वर्षी मालकाने त्याला चार्ल्स्टनला भाड्याने लावलं. मजुरी मालकाची, पोराला आठवड्याला एक डॉलर. पुढे बायको-मुलीला विकत घ्यायची किंमत ठरली ८०० डॉलर, गाठीला होते १००. युद्धात तो ‘प्लँटर’ नावाच्या बोटीवर सुकाणू धरायचा. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी शहरात झोपायला गेलेले असताना त्याने बोट सोडली, वाटेत बायकापोरांना चढवलं, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर ठेवली आणि कप्तानासारखाच हात बांधून उभा राहिला. समटरसमोर ठरलेली शिट्टी दिली. किल्ल्यावरच्यांना संशय आला नाही. तोफांच्या टप्प्यातून बाहेर पडताच पांढरी चादर फडकवून तो उत्तरेच्या जहाजाला जाऊन मिळाला. वय तेवीस, बोटीवर सोळा जीव. परतताना आमची बोट त्याच पाण्यातून आली. मी कठड्याला धरून किल्ला दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. केवढी लांब वाटली असेल ती वाट त्या आयांना, पोरांच्या तोंडावर हात ठेवून!

चार्ल्स्टनहून ब्यूफर्ट दीड तासावर. हा सगळा भाग खाड्यांचा आणि बेटांचा. इथला लांब धाग्याचा कापूस जगात नावाजलेला होता. १८६१ च्या नोव्हेंबरातच उत्तरेचं आरमार इथे उतरलं, मळेवाले पळाले, आणि मागे हजारो गुलाम उरले. युद्ध संपायच्या आधीच इथे गुलामीनंतरचं जगणं सुरू झालं. सेंट हेलेना बेटावर १८६२ मध्ये पेन स्कूल निघालं. त्या आवारात ओकची प्रचंड झाडं आहेत. आजींच्या वयाच्या बायाही नातवंडांसोबत पाटी घेऊन बसल्या, ही एक गोष्ट कळल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आपल्या सावित्रीबाई आल्या.

जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मनने हुकूम काढला की या किनाऱ्यावरची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत वाटून द्यावी. लोकांनी पेरणीही केली. राष्ट्राध्यक्ष लिंकनचा खून झाला, त्याच्या जागी अँड्र्यू जॉन्सन आला आणि वर्ष संपायच्या आत बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत देण्याचे हुकूम निघाले. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या कुणालाही याहून मोठा घात समजावून सांगावा लागणार नाही. स्वातंत्र्य दिलं आणि सातबारा काढून घेतला.

तरी मताचा हक्क होता. १८६८ च्या राज्यघटनेसाठी बसलेल्या सभेत स्मॉल्स होता आणि सगळ्या मुलांना मोफत शाळा हवी यासाठी तो झगडला. पुढे वॉशिंग्टनच्या संसदेत निवडून गेला. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा हे सगळं चालू होतं. त्यांची आशा खोटी नव्हती. पण चारच वर्षांत, १८७७ मध्ये, केंद्राने दक्षिणेतल्या सरकारांमागचं सैन्य काढून घेतलं, आणि बंदुका घेऊन मतदान अडवणाऱ्यांचं राज्य आलं.

प्रिन्स स्ट्रीटवरचं स्मॉल्सचं घर आम्ही बाहेरूनच पाहिलं. पांढरं, उंच खांबांचं. हे त्याच्या मालकाचं घर. याच्याच मागच्या खोपटात तो जन्मला. युद्धात कराच्या थकबाकीपोटी ते विक्रीला निघालं आणि त्याने ते विकत घेतलं. १९१५ मध्ये तो वारला तोही इथेच.

मरणाआधी वीस वर्षं, १८९५ मध्ये, काळ्यांची मतं काढून घेणारी नवी घटना कोलंबियात लिहिली गेली. सगळ्या सभेत काळे प्रतिनिधी सहा. स्मॉल्स बोलला, माझ्या लोकांना कुणाची खास वकिली नको, जगण्याच्या लढाईत बरोबरीची संधी तेवढी द्या. हेच शब्द टॅबर्नॅकल चर्चच्या आवारात त्याच्या पुतळ्याखाली आहेत. नव्या घटनेवर जो सही करणार नाही त्याला भत्ता मिळणार नाही, असं सांगण्यात आलं. तो म्हणाला, सही करण्यापेक्षा मी ब्यूफर्टला चालत जाईन.

संध्याकाळी आम्ही परत निघालो. ब्यूफर्टहून कोलंबिया दोनशे किलोमीटरच्या वर भरतं. लेक एका लयीत गाडी चालवत होती. कोलंबियाचे दिवे दिसायला सव्वादोन तास लागले.