वीसपैकी सहा आणि जुलै १९१४

हिस्ट्री ऑप्शनल घेतलं तेव्हा पहिल्या महायुद्धाची कारणं हा मला सगळ्यात सोपा टॉपिक वाटलेला, शाळेपासून पाठच होता ना, लष्करवाद, गुप्त करार, साम्राज्यवाद, राष्ट्रवाद आणि शेवटी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून, झालं उत्तर. टेस्टमध्ये तेच अंडरलाईन वगैरे करून लिहिलं आणि वीसपैकी सहा आले. खाली सरांनी लाल पेनने एवढंच लिहिलेलं, "हे सगळं १९१२ लाही होतं, मग तेव्हा का नाही पेटलं?"

आधी डोकंच फिरलं. मग अभ्यासिकेत बसून बघितलं तर खरंच की, फ्रान्स-रशिया करार १८९४ चा, ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला १९०८ ला, १९१२-१३ मध्ये बाल्कनमध्ये दोन युद्धं झाली, तरी मोठी राष्ट्रं एकमेकांच्या अंगावर गेली नव्हती.

मग बँकेच्या जुन्या कॅलेंडरचं पान घेतलं, मागची बाजू कोरी असते, त्यावर पट्टीने राजधान्यांचे कॉलम पाडले, व्हिएन्ना (ऑस्ट्रिया), बर्लिन (जर्मनी), पीटर्सबर्ग (रशिया), पॅरिस, लंडन (सर्बियाचं बेलग्रेड विसरलो, ते नंतर कडेला कोंबलं) आणि खून झाला तो २८ जून ते इंग्लंड युद्धात उतरलं तो ४ ऑगस्ट अशा ३८ ओळी. दोन दिवस गेले त्यात, रूममेट म्हणे तू काय पंचांग बनवतोयस का.

पण भरल्यावर दिसलं काय, तर ५-६ जुलैला बर्लिनने ऑस्ट्रियाला सांगितलं की काहीही करा आम्ही पाठीशी आहोत, आणि मग २३ जुलैपर्यंत जवळजवळ सगळं कोरं! मला वाटलं माझ्या नोट्सची पानंच गहाळ झाली. तसं नव्हतं. हंगेरी ऑस्ट्रियाच्याच साम्राज्यात, तिथला पंतप्रधान तिसा युद्ध नको म्हणून १४ तारखेपर्यंत अडून बसलेला, ऑस्ट्रियाचे बरेच सैनिक कापणीच्या सुट्टीवर गावी गेलेले (सुगी काय तिकडेही सुगीच), जर्मनीचा सम्राट कैसर बोट घेऊन नॉर्वेकडे फिरायला, आणि फ्रान्सचे अध्यक्ष प्वांकारे रशियाचा सम्राट झार याच्याकडे पाहुणे. प्वांकारे आणि झार एकत्र असताना पत्र दिलं तर तिथल्या तिथे ठरवून मोकळे होतील, म्हणून प्वांकारे २३ ला संध्याकाळी निघतील तो हिशोब धरून सहा वाजता सर्बियाला (खुनाचा ठपका त्यांच्यावर ठेवलेला) ऑस्ट्रियाचा ४८ तासांचा अल्टिमेटम. म्हणजे खुनाच्या रागात झालं हे जे मी लिहिलेलं ना, तो राग चांगला पंचवीस दिवस थांबला होता.

त्यापुढे मात्र अक्षरं मावेनात. २८ ला ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं, ३० ला सर्बियाच्या पाठीशी असलेल्या झारने पूर्ण सैन्य जमवायचा हुकूम दिला, आणि इथे मला रेल्वे कळली, कारण सैन्य हलायचं ते रेल्वेच्या वेळापत्रकाने. जर्मनीचा प्लॅनच असा की रशिया तयार व्हायच्या आत बेल्जियममधून घुसून आधी फ्रान्स संपवायचा, म्हणजे रशियाने नुसतं सैन्य गोळा केलं की जर्मनीचं घड्याळ सुरू. १ ऑगस्टला इंग्लंड बाहेर राहील अशा गैरसमजात कैसर आपल्या सेनाप्रमुख मोल्टकेला म्हणाला सगळं सैन्य पूर्वेला वळवा, मोल्टके म्हणाला जमणार नाही. नवरदेव म्हणतोय लग्न थांबवा आणि बॅन्डवाले म्हणतायत वरात निघाली, तसला प्रकार.

नंतर उत्तर परत लिहिलं, ती चार कारणं दोन ओळींत संपवली आणि बाकी सगळं या ३८ दिवसांवर. व्हिएन्नाला सर्बियाशी छोटं युद्ध हवंच होतं आणि बर्लिनने जाणूनबुजून जुगार खेळला असं सरळ लिहिलं, रशियालाही सोडलं नाही. अकरा आले. पण पान बघून सरांनी परत बोट ठेवलंच, लंडनचा कॉलम २४ पर्यंत रिकामा का रे? तर तिथे कॅबिनेट आयर्लंडच्या प्रश्नात अडकलेलं, २४ जुलैला उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांताच्या हद्दीवर घोळ चालू होता आणि त्यातच परराष्ट्रमंत्री ग्रे यांनी तो अल्टिमेटम वाचून दाखवला. सध्या आयर्लंड वाचतोय, कॉलमला जागा उरलेली नाही म्हणून खाली दुसरं पान चिकटवलंय.