वाकडा दांडा

टेबलावर चौदा वस्तू होत्या आणि चौदाही चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता: शिसव.

कंगवा शिसवाचा, हातोडीचा दांडा शिसवाचा, जहाजावरची कप्पीसुद्धा शिसवाची. एका संग्राहकानं देशोदेशी फिरून जमवलेली रोजच्या वापरातली लाकडी हत्यारं एका लहानशा संग्रहालयाकडे आली होती. ती काचेआड जाण्याआधी तिथल्या कुणाला तरी शंका आली आणि खोकं आमच्या प्रयोगशाळेत येऊन पडलं. शंका रास्तच होती. हाताचं तेल, घाम, धूर आणि वरून हौसेनं मारलेलं पॉलिश एवढं मिळालं, की कुठलंही लाकूड शिसव होऊन बसतं.

लाकूड ओळखणं हा माझा पेशा. तो ऐकला की लोकांच्या डोळ्यांसमोर कोर्टकचेऱ्या येतात. तशीही कामं असतात म्हणा. 1935 साली अमेरिकी वैमानिक लिंडबर्गच्या मुलाच्या अपहरणाच्या खटल्यात लाकूडतज्ज्ञ आर्थर कोहलर यांनी अपहरणात वापरलेल्या शिडीच्या फळ्यांवरून दिलेली साक्ष आमच्या धंद्यात अजून चघळली जाते. पण माझे बहुतेक दिवस लाकडाच्या कपच्या उकळण्यात जातात. संग्रहालयाची वस्तू असेल तर जिथं कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागेवरून काडेपेटीतल्या काडीच्या डोक्याएवढी कपची काढायची, ती मऊ करायची, आडवा, त्रिज्येवरचा आणि स्पर्शरेषेवरचा असे तीन छेद घ्यायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. काय बघायचं याची 1989 साली छापलेली एक आंतरराष्ट्रीय यादी आहे. रुंदपर्णी झाडांच्या लाकडासाठी त्यात रचनेची 163 लक्षणं आहेत. एवढं करूनही बहुधा झाडाची प्रजाती (जीनस) सांगता येते, नेमकी जात (स्पीशीज) नाही. हे पटवून देता देता तोंडाला फेस येतो.

दुपारपर्यंत शिसवाची चिठ्ठी एकेका वस्तूवरून उतरत गेली. कंगवा बॉक्सवूडचा निघाला. त्याच्या वाहिन्या, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, माणसाच्या केसाहूनही बारीक असतात, म्हणून इतके नाजूक दात कापले तरी लाकूड फुटत नाही. मोठ्या छिद्रांच्या लाकडाचा कंगवा केला असता तर दात पहिल्याच दिवशी केसात राहिले असते. हातोडीचा दांडा अ‍ॅशचा. त्याच्या वर्षवलयात वसंतातल्या मोठ्या वाहिन्यांची माळ आणि तिच्या पुढं घट्ट तंतूंचा पट्टा दिसतो. हे लाकूड घाव पचवतं, हाताला झिणझिण्या कमी येतात. कप्पी उचलली तेव्हाच मला हसू आलं. हातात दगड धरल्यासारखं वजन. लिग्नम व्हायटी! पाण्यात टाकलं तर तळाला जाणारं आणि अंगच्याच राळेनं स्वतःला वंगण देणारं. 18व्या शतकात इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसन यांनी याच लाकडाचे भाग वापरून तेल न लागणारी घड्याळं केली, आणि पुढं जहाजांच्या पंख्याच्या दांड्याखालीही हेच लाकूड बसवत. वापरणाऱ्यानं सूक्ष्मदर्शक कधी पाहिलेला नसतो, तरी प्रत्येक वेळी त्याची निवड रचनेशी जुळते. इतक्या वर्षांनंतरही मला याची गंमत वाटते.

मग आला वाकस, लाकूड तासायचं हत्यार. म्हणजे वाकसाचा नुसता दांडा, लोखंड कधीच गेलेलं. लांब मूठ आणि टोकाला मागं वळलेलं आखूड डोकं, त्यावर पातं बांधायची खाच. मी मुठीच्या बुडाकडून, समोरासमोरच्या कडांवरून दोन कपच्या घेतल्या.

छेद रंगवले आणि एक लाल निघाला, दुसरा निळा.

आमच्याकडे दोन रंग एकत्र वापरतात. सॅफ्रॅनिन लिग्निनला धरतो आणि लाल दिसतो, अ‍ॅस्ट्रा ब्लू सेल्युलोजला धरतो आणि निळा दिसतो. लाकूड म्हटलं की त्याला कडक करणारं लिग्निन आलंच, त्यामुळे निळा छेद म्हणजे हात चुकला. सहकाऱ्यानं रंगाची बाटली बदलली असेल म्हणून त्याच्यावर थोडं डाफरलेही. नव्या रंगात पुन्हा केलं. पुन्हा एक लाल, एक निळा. तिसऱ्यांदा भिंग वाढवून नीट पाहिलं तेव्हा ट्यूब पेटली. निळ्या छेदातल्या तंतूंच्या आत जवळजवळ निव्वळ सेल्युलोजचा एक जाड, चकचकीत थर होता. ताणकाष्ठ. रुंदपर्णी झाडाची फांदी आडवी वाढते तेव्हा स्वतःचं वजन पेलायला ती वरच्या अंगाला असं लाकूड तयार करते, आणि ते तिला वर खेचून धरतं. (सूचिपर्णी झाडं उलटं करतात, खालच्या अंगाला टेकू देतात.) लाकूड-व्यापाराच्या पुस्तकात ताणकाष्ठ हा दोष म्हणून शिकवतात. ते वाळताना जास्त आक्रसतं, फळी वाकते.

वाहिन्यांभोवतीची फिकट कडी आणि बाकीची लक्षणं बाभूळवर्गाकडे जात होती. मी अहवालात लिहिलं: बाभूळवर्गीय, दोषयुक्त लाकूड, वाळताना वाकलेलं. सहकाऱ्याची माफी मागितली आणि चहाला उठले.

संध्याकाळी संग्रहालयाकडून वस्तू न्यायला एक वयस्क मिस्त्री आले. तिथल्या मोडक्या वस्तू तेच जोडतात. सही करायच्या आधी त्यांनी अहवाल वाचला, जे सहसा कुणी करत नाही.

"मॅडम, हा दांडा वाकला असं कोण म्हणालं?"

मी रंगांची सगळी कथा सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग दांडा उचलून बोट मुठीवरून वळणापर्यंत आणि तिथून डोक्यापर्यंत फिरवलं. "रेषा बघा. कुठं तुटलीय? सरळ लाकडातून हा आकार कापला असता तर इथं वळणावर रेषा आडवी गेली असती आणि चार घावांत मोडला असता. ही मूठ म्हणजे फांदी, आणि हे डोकं म्हणजे खोडाचा तुकडा. झाडावर असताना हा असाच होता. वाकडा झाला नाही, वाकडाच निवडलाय."

मी दांडा खिडकीपाशी नेला. दोन तास जी गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली शोधत होते ती नुसत्या डोळ्यांना दिसत होती.

खरं तर मला हे माहीत असायला हवं होतं. 1991 साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या ओट्झी या माणसाच्या सामानावर मी विद्यार्थ्यांना तासभर शिकवते. धनुष्य यू झाडाचं, सुऱ्याची मूठ अ‍ॅशची, बाणांच्या काड्या व्हायबर्नम झुडपाच्या, कुऱ्हाडीचं तांब्याचं पातं बर्चच्या डांबरानं आणि चामड्याच्या पट्ट्यांनी बसवलेलं, हे सगळं तोंडपाठ. त्या कुऱ्हाडीचा सुमारे 60 सेंटिमीटरचा यूचा दांडा जिथून फांदी काटकोनात निघते अशाच जागेचा आहे. तेही शिकवते. पण शिकवताना माझ्या फळ्यावर एकच रकाना असतो, झाडाचं नाव.

मिस्त्रींना दोन्ही काचपट्ट्या दाखवल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ डोळा लावून पाहिलं.

"ही निळी वळणाच्या आतल्या अंगाची ना? म्हणजे फांदीची वरची बाजू?"

मी नोंदवही पाहिली. आतल्याच अंगाची होती. कसं ओळखलंत, विचारलं.

"त्या अंगाला करवत घातली की लाकूड स्वच्छ कापत नाही, लव उठते. घासून घासून माणूस वैतागतो. पण ओढ सहन करायला तेच घट्ट. म्हणून फांदी आडवी वाढलेली बघायची."

ताणकाष्ठ कापताना पृष्ठभाग लोकरीसारखा होतो, हे पुस्तकात आहे. तेही दोषांच्याच प्रकरणात.

अहवाल पुन्हा टंकावा लागला. संग्रहालयाच्या छापील नमुन्यात झाडाचा कुठला भाग यासाठी जागाच नव्हती. मिस्त्री म्हणाले, शेऱ्यात लिहा. मग 'दोषयुक्त' खोडून शेऱ्यात लिहिलं: खोड व फांदीचा नैसर्गिक सांधा, मूठ फांदीची, ताणकाष्ठ आतल्या बाजूस. त्यांनी सही केली, दांडा कापडात गुंडाळला आणि दारातून वळून विचारलं, "त्या कंगव्याचंही बघितलंत ना, दात रेषेच्या दिशेनं कापलेत की आडवे?"

कंगवा खोक्यात तळाशी होता. तो पुन्हा वर काढला.